वरंब्यावरचे काळे

मी एक जुनी दुर्बीण आहे; पण मित्रांनो, चंद्र, तारे किंवा समुद्रातली जहाजे यांतले काहीही मी आजवर पाहिलेले नाही. मी पाहिली ती फक्त माणसांची कातडी. पनवेलच्या बाजारातली, गाढी नदीकाठच्या वीटभट्ट्यांवरची, तळोज्याच्या कारखान्यांतली, कितीतरी माणसांची कातडी मी अगदी टेकून पाहिली. इतके पाहूनही एक पाय माझ्या नजरेतून सुटला, आणि तो नेमका माझ्या मालकाचा निघाला. ते आठवले की आजही मला धक्का बसतो. म्हणून तर ही हकिगत सांगते आहे.

माझा जन्म जर्मनीतला. काळी मूठ, मुठीत दोन सेल, वर करंगळीच्या नखाएवढा दिवा, एक भिंग आणि तोंडाला सपाट काच, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला मोठे भारदस्त नाव दिले होते. ते उच्चारताना पनवेलकरांच्या जिभेला गाठी पडायच्या, म्हणून दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर दीनानाथ यांनी माझे नव्याने बारसे केले आणि ‘तेलाची दुर्बीण’ हे नाव ठेवले. तेच मला चिकटले.

तेलाची का, तेही सांगते. तुम्ही वडा खाल्ल्यावर त्याचा कागद उजेडात धरून पाहिला आहे का? तेल लागलेल्या जागी कागद पारदर्शक होतो आणि पलीकडची अक्षरे दिसू लागतात. माणसाच्या कातडीचेही तसेच आहे. कोरड्या कातडीवर उजेड पाडला तर तो चकाकतो आणि परत फिरतो. पण तिच्यावर तेलाचा एक थेंब टाका, माझी काच त्यावर टेकवा, दिवा लावा, की कातडीच्या आतले दिसू लागते आणि तेही दहापट मोठे. सुई नाही, सुरी नाही, रक्त नाही. रोगी आरामात पाय हलवत बसतो आणि मी त्याच्या आत डोकावून येते. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. पुढे तो कसा उतरला, ते येईलच.

मला बनवले होते एका वैऱ्याला शोधण्यासाठी. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी कधी कधी बिथरतात आणि त्यांचा कर्करोग होतो. त्याला मेलानोमा म्हणतात. तो मोठा लबाड असतो. सुरुवातीला दिसतो अगदी तिळासारखा, म्हणून लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहतात आणि तो मुकाट्याने आत उतरत जातो. वर आहे तोवर सापडला, तर कापून टाकता येतो. खोल गेला, तर भल्याभल्या डॉक्टरांना हात टेकावे लागतात. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर कुठेही दिसतो. आपल्याकडे मात्र त्याला लपायला आवडते ते तळपायाला, जिथे कोणी पाहत नाही.

माझे मालक डॉक्टर जोशुआ पेझारकर हे पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शेकडो वर्षे राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. त्यांचे पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ब्याण्णवच्या डिसेंबरात त्यांचा भाचा एयाल इस्राएलहून आला तो मला पेटीत घालूनच. तो तिकडे डॉक्टरकी शिकत होता. तेलाचा थेंब टाकल्याशिवाय ही चालत नाही, असे त्याने सांगितले तेव्हा डॉक्टर पोट धरून हसले. घाणा गेला, मुंबई झाली, कॉलेज झाले आणि शेवटी नशिबी तेल आलेच, असे ते म्हणाले. एयालने दिलेली परदेशी बाटली संपल्यावर त्यांनी सरळ घरातले खोबरेल वापरायला घेतले. मला त्याचा वास आधी उग्र वाटला, मग आवडू लागला.

त्या कुटुंबात एक गंमत सांगितली जायची. तळपायाला तीळ असला की माणूस सातासमुद्रापार जातो, असे आपल्याकडे म्हणतात. डॉक्टरांच्या पायाला तीळ होता. त्यांची आई तो सगळ्यांना दाखवायची आणि माझा जोशुआ नक्की जाणार म्हणायची. झाले उलटेच. बहीण रिवका गेली, दोन्ही भाऊ गेले, चुलते गेले, आणि तीळवाले डॉक्टर तेवढे पनवेलला राहिले. रिवका पत्रात हमखास विचारायची की तुझा तीळ कधी जागा होणार. डॉक्टरही मजेत लिहायचे की तो झोपाळू आहे. मला हे सगळे पाठ होते, पण तो तीळ मला कधी कोणी दाखवला नाही, आणि मीही कधी हट्ट धरला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कामाची पहिली दोन वर्षे माझी फार मानात गेली. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यातला एक माणूस हातावरचे काळे ठिपके पाहून मृत्युपत्र करायला निघाला होता. मी पाहिले, तो नुसता रंग मुरलेला होता. बाजारातल्या एका आजीच्या गालावरचा डाग वाढतो आहे म्हणून तिची सून घाबरली होती, तो म्हातारपणाचा साधा चामखीळ निघाला. लोक सुटकेचा श्वास टाकायचे आणि मला हात जोडायचे. माझी छाती फुगायची. दीनानाथ रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायचे आणि मला मखमलीच्या पेटीत ठेवायचे.

पंचाण्णवच्या जानेवारीत एयालचे पाकीट आले. त्यात जपानी डॉक्टरांच्या एका लेखाची झेरॉक्स होती. डॉक्टरांनी ती दोन दिवस वाचली. त्यातली गोष्ट अशी होती: तळपायाच्या कातडीवर बारीक बारीक रेषा असतात, काही उंच आणि काही खोल. साध्या तिळाचे काळे खोल रेषांत असते. मेलानोमाचे काळे उंच रेषांवर चढलेले असते. एवढ्या एका फरकावर माणसाचा जीव अवलंबून होता. तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मला दिसतो.

पुढच्याच महिन्यात गोमा आपल्या बायकोला घेऊन दवाखान्यात आला. ती शुक्री. दोघे कातकरी, डोंगरापायथ्याच्या वाडीतली. पावसाळ्यात लोकांच्या शेतात, हिवाळ्यात भाजीच्या मळ्यात आणि मग उन्हाळाभर वीटभट्टीवर, असे त्यांचे वर्ष. भट्टीवर शुक्रीचे काम चिखल तुडवायचे. चिखलात खापरी होती, ती तिच्या उजव्या टाचेत घुसली. जखम चिघळली आणि तिला पाय टेकवेना. पाय टेकला नाही तर काम नाही, हे डॉक्टरांना कोणी सांगायला नको होते.

जखम त्यांनी धुतली, आणि मग त्यांचे हात थांबले. जखमेभोवती रुपयाएवढा काळाकुट्ट डाग होता. लेख नुकताच वाचलेला होता. मला पेटीतून काढले, तेल टाकले, टेकवले. मीही हबकले. काळे उंच रेषांवर होते.

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले तेव्हा कळले की सासूने जखमेला बिब्बा लावला होता. बिब्बा तुम्हाला ठाऊक असेल. काटा रुतला, टाच भेगाळली की त्याचे गरम तेल लावतात. त्याचा डाग असा पक्का बसतो की धोबी पूर्वी त्यानेच कपड्यांवर खुणा करायचे. आता पंचाईत झाली. वरून लागलेला रंगही आधी उंच रेषांनाच धरतो. हा बिब्बा की तो वैरी, हे मला सांगता येईना. डॉक्टरांनी मनाशी हिशेब मांडला: बिब्बा असेल तर महिन्याभरात वरची कातडी झडेल आणि डाग जाईल. नाही गेला, तर तडक मुंबई.

हे त्या दोघांना समजवायचे कसे? पेशी, रोग, जपान, काय काय सांगणार? डॉक्टरांनी जरा विचार केला आणि मळ्यातली भाषा काढली. पायाची कातडी म्हणजे सरी-वरंबे पाडलेले रान, असे ते म्हणाले. ज्या चरातून पाणी जाते ती सरी, आणि दोन सऱ्यांमधला मातीचा उंचवटा म्हणजे वरंबा. काळे सरीत असले तर तो तीळ, काही भीती नाही. काळे वरंब्यावर असले तर दुखणे मोठे. गोमाने मान डोलावली. शुक्रीने मात्र माझ्याकडे बोट केले.

“डाक्टर, तू काय बगतोस ता मला बी दाव.”

कातकरी माणसे राजालाही तू म्हणतात, त्यात अनादर नसतो. डॉक्टरांना ते ठाऊक होते आणि तिचा प्रश्न त्यांना आवडलाही. पण वरंबा दाखवायचा तर सरीही दाखवायला हवी. चांगला तीळ कसा असतो ते दाखवायला त्यांच्याजवळ एक होताच. त्यांनी हसत हसत डाव्या पायातला मोजा काढला, पाय स्टुलावर ठेवला, खोबरेलाचा थेंब टाकला आणि मला शुक्रीच्या हातात दिले. हा पाहा सरीतला तीळ, हा मला सातासमुद्रापार नेणार होता, असेही म्हणाले. पाय ठेवताना त्यांचा अंगठा तिच्या गुडघ्याला लागला, तशी त्यांनी चटकन तिच्या गुडघ्याला हात लावून तो छातीशी नेला. शुक्री दचकून मागे सरली. डॉक्टराने आपल्याला नमस्कार करावा, असे तिच्या जन्मात घडले नव्हते.

मग ती वाकली. मी पहिल्यांदाच माझ्या मालकाच्या पायावर टेकले.

मित्रांनो, मला किंचाळता आले असते तर मी किंचाळले असते. समोर टाचेवर वाटाण्याएवढा डाग होता, एका कडेला फाटलेला, आणि त्याचे काळे एकामागून एक उंच रेषांवर चढून बसले होते. मी दोन वर्षे या माणसाच्या मुठीत राहिले. सगळे गाव तपासले. आणि हा माझ्यापासून चार हातांवर, मोज्यात, आरामात वाढत होता.

शुक्री बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिने मान वर केली.

“तू सांगलास काळं सरीत हाय. हितं तं वरंब्यावर हाय.”

डॉक्टर हसले. तू उलटी धरलीस, असे म्हणाले.

“उलटी धरली तरी सरी ती सरी,” शुक्री शांतपणे म्हणाली. “जलम गेला माजा सऱ्यांत.”

डॉक्टरांचे हसू ओठांवर तसेच राहिले. त्यांनी मोजा चढवला, शुक्रीच्या जखमेला पट्टी बांधली, बिब्बा पुन्हा लावू नको म्हणून बजावले आणि शिमगा झाला की दाखवायला ये, असे सांगितले. दोघे गेल्यावर त्यांनी मला उचलले. मला वाटले, आता स्वतः पाहतील. पण अठ्ठावन्न वर्षांची कंबर, पोटही सुटलेले, तळपाय डोळ्याजवळ येणार कसा? एकदा प्रयत्न केला, धाप लागली, सोडून दिला. मग त्यांनी मला पेटीतही ठेवले नाही. टेबलाच्या खालच्या कप्प्यात जुन्या पावत्यांखाली सारले आणि कप्पा बंद केला.

तो महिना मी अंधारात काढला. बाहेर दवाखाना चालू असायचा. डॉक्टर रोग्यांना नेहमीसारखे रागवायचे, दुखणे अंगावर काढू नका म्हणायचे, आणि ते ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दीनानाथांनी दुर्बीण कुठे गेली म्हणून दोनदा विचारले, तर डॉक्टरांनी सेल संपलेत म्हणून थाप मारली. माझे सेल चांगले ठणठणीत होते. संपला होता तो त्यांचा धीर. त्यांना भीती वाटत होती, आणि भ्यालेला डॉक्टर सर्वांत वाईट रोगी असतो, हे मी तेव्हा शिकले.

एका रविवारी दुपारी मात्र कप्पा उघडला. त्यांनी मला वर घरात नेले आणि पत्नीला, जेरुशाबाईंना, सहज गंमत म्हणून माझ्यातून त्यांचा तळपाय पाहायला सांगितले. जेरुशाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी पाहिले आणि नकाशातल्या बेटांसारखे काहीतरी काळे दिसते आहे म्हणाल्या. काळे सरीत आहे की वरंब्यावर, असे डॉक्टरांनी विचारले. मी काय शेतकरीण आहे का, असे म्हणून त्या चहा टाकायला गेल्या. आणि डॉक्टरांचा चेहरा खुलला! तिला काही दिसले नाही म्हणजे काही नाहीच, असा सोयीचा अर्थ त्यांनी काढला. आईने सांगितलेला जन्माचा तीळ, तो आता कुठे जाणार, असे पुटपुटत त्यांनी मला पुन्हा पावत्यांखाली टाकले. इतका शहाणा माणूस इतका वेडेपणा करू शकतो, यावर माझा विश्वास बसेना.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी शुक्री आणि गोमा आले. शिमगा हा त्यांचा वर्षाचा सण, वाडीत अजून नाच चालू होता. तो सोडून ती दोघे सकाळीच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली होती. शुक्री लंगडत नव्हती. तिने आपण होऊन टाच स्टुलावर ठेवली. दुर्बीण आणा, असे दीनानाथ म्हणाले, तेव्हा डॉक्टरांना कप्पा उघडावाच लागला.

मी पाहिले. डाग गेला होता. नव्या गुलाबी कातडीवर सऱ्या आणि वरंबे स्वच्छ दिसत होते. तो बिब्बाच होता. गोमाने डोळे पुसले. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थोपटले आणि आता जा, सण करा म्हणाले.

शुक्री उठेना.

“आता तुजा,” ती म्हणाली.

डॉक्टर गडबडले. माझा जुना तीळ आहे, आई सांगायची, वगैरे सांगू लागले. शुक्रीने ते ऐकून घेतले आणि मोठ्या डॉक्टराकडे गेलास का, एवढेच विचारले. डॉक्टर उरलेली पट्टी गुंडाळू लागले.

“तू सांगलास म्हनून मी बिब्बा सोडला,” ती म्हणाली. “तू सांगलास म्हनून शिमगा टाकून आलो. तुला कोनी सांगाचा?”

दीनानाथ औषधाची बाटली हातात धरून उभेच राहिले. पनवेलमध्ये आजवर डॉक्टर पेझारकरांना असे कोणी बोलले नव्हते. डॉक्टरांनी मुकाट्याने डावा मोजा काढला. तिने थेंब टाकला, मला टेकवले. काळे होते तसेच होते, वरंब्यावर. तिने मान हलवली. मग म्हणाली, “दुसरा बी दाव.”

दुसऱ्या पायाला काही नाही, असे डॉक्टर म्हणाले.

“दाव.”

उजवा मोजा निघाला. उजव्या टाचेच्या पुढे, तळपायाच्या खळग्यात, एक तपकिरी ठिपका होता. मोहरीएवढा. मी त्यावर टेकले आणि मला दुसऱ्यांदा धक्का बसला. पहिल्यापेक्षा मोठा. रंग सरीसरीतून गेलेला, कडा गोल, सुबक. इतका गुणी तीळ मी क्वचितच पाहिला असेल.

“हा बग तुज्या आयशीचा तीळ,” शुक्री म्हणाली. “सरीत हाय.”

क्षणभर कोणाला काही कळेना. मग डॉक्टरांच्या ध्यानात आले. आई कौतुकाने दाखवायची तो तीळ हा होता, उजव्या पायाचा. मग डाव्या पायाचा कोणाचा? ज्याला ते इतकी वर्षे तीळ म्हणत होते, तो अलीकडे कधीतरी येऊन तिळाच्या नावावर राहणारा तोतया होता. तळपाय कोण रोज बघतो? कधीतरी काळे दिसले असेल, तीळ आहेच आपल्याला, असे म्हणून विषय संपला असेल. डावा की उजवा, हे कोणी लक्षात ठेवले? जेरुशाबाईंना खाली बोलावले. त्यांनी दोन्ही पाय पाहिले. लग्नानंतर सासूबाईंनी मला उजवा पाय दाखवला होता, असे त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. आपण रविवारी चहा टाकायला गेलो, हे त्या पुढे कितीतरी दिवस बोलत होत्या.

दुसऱ्याच दिवशी दोघे मुंबईला गेली. मला बरोबर नेले नाही. आठ दिवस मी टेबलावर उघडीच पडून होते आणि दीनानाथ माझी काच उगाच पुन्हा पुन्हा पुसत होते. मग डॉक्टर परतले तेव्हा त्यांच्या हातात अहवाल होता. त्यांनी तो दीनानाथांना वाचून दाखवला. मेलानोमाच होता. मात्र तो अजून वरच्या थरातच होता, फार आत उतरला नव्हता. वर्षभर उशीर झाला असता तर काय झाले असते, ते मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले नाही आणि पेझारकरांनी विचारले नाही. दोघेही डॉक्टर होते.

टाचेचा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली. डॉक्टर कायमचे लंगडले. दिवाळीनंतर, गाठी-बिठी कुठे नाहीत हे पक्के झाल्यावर, घरी मलिदा झाला. संकट टळले की एलियाहू हानावी या प्रेषिताची आठवण करून गोड पोहे, खोबरे, खजूर आणि फळांचे ताट करायचे, ही बेने इस्राएलांची रीत आहे. त्या ताटाचा पहिला घास जेरुशाबाईंनी शुक्रीच्या हातावर ठेवला. रिवकाचे पत्र आले होते. तिने पहिल्यांदाच तिळाची चेष्टा केली नव्हती. येशील तेव्हा ये, पण जिवंत राहा, एवढेच लिहिले होते.

तेव्हापासून दर शिमग्यानंतर शुक्री यायची. डॉक्टर मोजे काढून बसायचे. ज्या बाईला बाजारात कोणी ओट्यावर बसू देत नसे, तिच्यापुढे पनवेलचे नावाजलेले डॉक्टर दोन्ही तळपाय धरून बसायचे, आणि ती निवांत बघून निकाल द्यायची. दवाखान्यातले रोगी तोंडात बोट घालायचे.

आता मी म्हातारी झाले आहे. नव्व्याण्णवच्या सुरुवातीला माझा दिवा गेला. तसला दिवा मुंबईतही मिळेना. एयालने कळवले की तिकडे आता यंत्राला संगणक जोडतात आणि पडद्यावर डागाचे चित्र येते. दीनानाथ निवृत्त झाले, पेटीची मखमल उंदराने खाल्ली आणि मी पुन्हा त्याच खालच्या कप्प्यात आले. या वेळी कोणाच्या भीतीने नाही, नुसत्या विसराळूपणाने. त्याचे मला जास्त वाईट वाटले.

शिमग्यानंतर शुक्री आली. दिवा लागत नाही म्हणून डॉक्टरांनी मला बाजूला ठेवले आणि आता मुंबईलाच दाखवेन म्हणाले. शुक्रीने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग माझे डोके पिळून मुठीपासून वेगळे केले. जिथून दिव्याचा उजेड आत यायचा ते भोक उघडे पडले. तिने डॉक्टरांना दारातल्या उन्हात बसवले, थेंब टाकला, मला टेकवले आणि भोक सूर्याकडे फिरवले. मित्रांनो, जर्मनीच्या कारखान्यात कोणाला सुचले नसेल ते! ऊन माझ्या आत भरले आणि मला पुन्हा दिसू लागले.

“काळं नाय,” ती म्हणाली. “दुसरा बी दाव.” दुसराही पाहिला. तोही बरा होता.

डॉक्टर मोजे घालू लागले, आणि मध्येच थांबले. ते शुक्रीच्या पायांकडे पाहत होते. उजव्या टाचेवर खापरीचा जुना वण होता. तो त्यांनी किती वेळा पाहिला होता. डावा पाय तिने जमिनीला टेकवलेला होता. त्यांना जे कळले ते मलाही त्याच क्षणी कळले. चार वर्षे ती दर शिमग्याला आली, दर वेळी त्यांचे दोन्ही पाय पाहून गेली. तिचा डावा तळपाय आम्ही एकदाही पाहिला नव्हता. मी नाही, त्यांनी नाही, कोणीच नाही.

“शुक्री,” ते म्हणाले, “दुसरा बी दाव.”

ती संकोचली. चिखलाचा आहे म्हणाली. डॉक्टर लंगडत उठले, तिला आपल्या जागी उन्हात बसवले आणि स्वतः खाली फरशीवर बसले. तिचा पाय मांडीवर घेतला, तिच्या पदराने नाही, आपल्या रुमालाने पुसला. तेलाचा थेंब टाकला. मी टेकले. भेगा होत्या, भेगांत भट्टीची माती होती, इतकी की सरी-वरंबे शोधावे लागत होते. डॉक्टर घाई करीत नव्हते. बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत ते रेघ न् रेघ बघत गेले आणि मी श्वास रोखून त्यांच्याबरोबर गेले.

“काळं नाय,” डॉक्टर शेवटी म्हणाले, आणि तिचा पाय हातात तसाच धरून बराच वेळ बसून राहिले.

मित्रांनो, माझा दिवा गेला आहे, पण भिंग शाबूत आहे. ते फडक्याने पुसत जा, एवढे माझ्यासाठी. आणि तुमच्यासाठी इतकेच की स्वतःचा तळपाय माणसाला नीट दिसत नाही, तो दुसऱ्याने पाहावा लागतो. आज घरी गेल्यावर आईला पाय पुढे करायला सांगा. ती नको म्हणेल, मळलेला आहे म्हणेल. ऐकू नका. एक पाहून झाला की उठू नका.